राजाच्या पोटातली चांदी

आमच्या वाड्यावर पाव विकणारा पोदेर उजाडताना येतो आणि वळणावरूनच भोंगा वाजवतो. त्या दिवशी भोंगा वाजला नाही. मी माडा-पोफळींच्या कुळागरात पाणी सोडून परत येत होतो, तर हा सायकल धरून आमच्या फाटकाशी उभा, पावाची टोपली झाकलेली. म्हटलं, "काय रे, भोंगा मोडला?" तो म्हणाला, "काका, आज वाजवत नाही. डॉक्टर गेले." मी विचारलं, "कुठले डॉक्टर?" आसपास दोन-तीन डॉक्टर आहेत म्हणून विचारलं, असं मी नंतर बायकोला सांगितलं… पण विचारलं ते समजूनच. पोदेर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचे." गेली काही वर्षं मी वासूशी एक शब्द बोललो नव्हतो, हे अख्ख्या कारापुराला माहीत होतं. तरी तो म्हणाला, तुमचे. मी त्याच्याकडून पावाचे उंडे घेतले, आत ठेवले आणि वहाणा न घालताच वासूच्या घराकडे चालू लागलो.

त्याला महिना उलटून गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या माणसानं सांगितलं, तुम्ही त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, काही लिहा. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. तेही पोर्तुगेजांच्या राज्यात, देवळाच्या चौकात भरायची त्या शाळेत. मी बोलतो तसंच लिहितो आणि सुधारायला कुणाला देणार नाही. वासूवर शिकलेल्या माणसांनी लेख लिहिलेत, त्यांत तो प्रयोगशाळेतला मोठा माणूस आहे. असेल. माझं त्याच्याशी भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. ते बाजूला ठेवून मला त्याच्याबद्दल लिहिता येत नाही.

वासुदेव औषधाचा डॉक्टर नव्हता. जुन्या नाण्यांत कुठला धातू किती, हे शोधण्यात त्याचा जन्म गेला. त्यातही त्याची आवडती नाणी ग्रीक लोकांची, म्हणजे आपल्याकडे ज्यांना यवन म्हणत त्यांची. नोकरी संपवून तो गावी आला तेव्हा बायका त्याला गुडघे दाखवायला यायच्या. तो म्हणायचा, "बाये, मी माणसांचा डॉक्टर न्हय, नाण्यांचा." एका म्हातारीनं विचारलं, "नाण्यांक कसली रे दुखणी?" तर हा म्हणतो, "तुझीच गो. वरून चकचकीत, आतून झिजलेली." म्हातारी कितीतरी दिवस त्याच्या दारावरून गेली नाही, आडवाटेनं जायची. जीभ अशी होती त्याची. खोटं बोलता येत नसे आणि गोड बोलायचं सुचत नसे.

हा नाद त्याला लागला आमच्या घरातून. आमच्या देवीच्या गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ आहे आणि तिच्या मधोमध एक रुप्याचं नाणं. त्यावर केसांना पट्टी बांधलेला एक पुरुष आहे. कुणी आणलं, कधी आणलं, ठाऊक नाही. बंदरातून व्यापाराबरोबर आलं असं म्हणतात. आम्ही त्याला राजा म्हणतो. देवीच्या डागिन्यांची किल्ली आमच्या घराकडे. आज्याकडे होती, मग माझ्या बापसाकडे, आता माझ्याकडे. देवीचा डागिना गावाची सीम ओलांडत नाही. आणि ज्याला तडा गेला किंवा ओरखडा पडला तो भग्न. तो परत देवीच्या अंगावर चढत नाही, वाळवंटी नदीच्या कोंडीत, खोल डोहात, सोडतात. हे कुठं लिहिलेलं नाही, पण ते मोडलेलं मी बघितलेलं नाही. जत्रेआधी मी माळ रिठ्याच्या पाण्यानं धुतो, आणि कुणाचं मूल आजारी असलं तर राजा पाण्यात बुडवून ते तीर्थ त्याला देतात.

वासूला लहानपणी मुदतीचा ताप आला होता. आई त्याला कांबळ्यात गुंडाळून घेऊन आली. बापसानं राजा तांब्यात बुडवला आणि पाणी त्याच्या तोंडात घातलं. तापानं डोळे लाल झालेले, मान धरत नव्हती, आणि हा विचारतो, "हा कोण?" बापूस म्हणाला, "राजा." "खंयचो?" बापूस म्हणाला, "तुका बरो करपी." त्यावर गप्प बसावं की नाही? बरा झाल्यावर हा रोज आमच्याकडे. राजाचं गाव कुठलं, त्याच्या केसांना पट्टी का, नाक एवढं लांब का? बापूस कंटाळला आणि जत्रेच्या आदल्या संध्याकाळी, माळ धुवायला काढली की त्याला बोलावू लागला. मला त्या नाण्याचं कौतुक नव्हतं, माझ्या घरचंच होतं ते. हा मात्र जेवायचं विसरून बघत बसायचा. पुढं तो शिकायला बेळगावला गेला, तिथून पुढं कुठं कुठं, आणि मी कुळागरात.

दर वर्षी गणपतीच्या चवथीला तो गावी यायचा आणि आमच्या सोप्यावर, बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर, यवनांच्या गोष्टी सांगायचा. यवनांच्या एका नगराच्या नाण्यावर घुबड होतं. ती चांदी इतकी चोख की परमुलखातही लोक डोळे मिटून घेत. मग लढाई लागली, चांदी संपली, तेव्हा त्याच नगरानं तांब्याच्या पोटावर चांदीची साल चढवून तसंच घुबड काढलं. मी म्हटलं, "म्हणजे तुझे यवनही आपल्यासारखेच." तो हसून म्हणाला, "म्हणूनच लोक काय करायचे ऐक. नाणं हातात आलं की छिन्नीचा एक घाव घालून आत बघायचे. घाव असलेली कितीतरी घुबडं माझ्या हातांखालून गेली. आणि सख्या, ती दिसायला वाईट, पण त्यांच्याबद्दल मला कधी शंका आली नाही." मला हे पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आपल्याकडे घाव घातलेल्या वस्तूला नमस्कार करत नाहीत.

देवळाच्या जीर्णोद्धाराला समितीनं स्मरणिका काढायची ठरवली, तिथून हे सगळं सुरू झालं. राजा खरोखर यवनांचा आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून छापू, असं चिटणीसानं सुचवलं. चिटणीस म्हणजे प्रमोद, वय लहान, बँकेत असतो, हुशार आहे. नाणं सीम ओलांडणार नाही म्हटल्यावर वासूनं त्याच्या जुन्या विद्यार्थ्याकरवी यंत्रच गावात आणलं. पेट्रोल भरायची नळी असते ना, तसलं, हातात धरायचं. भटजी घाबरले, "देवीवर पिस्तूल नको हो!" वासू त्या दिवशी इतका खुशीत की जमलेल्या सगळ्यांना तो आधीच समजावत सुटला. जुन्या चांदीत थोडं सोनं राहतंच, थोडं शिसं राहतंच, त्या काळी ते पुरतं काढता येत नसे. ते दिसलं की समजा, राजा जुना. आत्ताच्या चांदीत ते सापडणार नाही. हे सांगायची काही गरज होती? आधी बघावं, मग बोलावं. पण मी सांगतो ना, तो परत तापातला पोर झाला होता.

त्यानं यंत्र राजाच्या चेहऱ्याला लावलं. मग पाठीला, मग परत चेहऱ्याला. त्याचं तोंड मला दिसत होतं. प्रमोद वाकून पडद्यावर बघत होता. तो मोठ्यानं म्हणाला, "सर, सोनं नाही. शिसंही नाही. तुम्ही म्हणालात तशी नवी चांदी." वासूनं यंत्र खाली ठेवलं. मग म्हणाला, "वरची चांदी नवी आहे. हे यंत्र साल बघतं, पोट बघत नाही. आपल्याकडे नवस फेडायला पालखीला, प्रभावळीला मुलामा देतात. तसं कुणीतरी राजालाही भक्तीनं चांदीचं पाणी दिलं असेल. आत काय आहे, मला माहीत नाही." प्रमोदनं विचारलं, "कुणी दिलं? कधी?" कुणाला आठवत नव्हतं, मलाही नाही. वासूचं पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि पुढची सोडून दिली. आणि एकेक जण माझ्याकडे बघू लागला, कारण किल्ली आमच्या घराकडे.

पुढचं काय सांगू? गावाला तोंड फुटलं. बापूस जाऊन इतकी वर्षं झालेली, आणि लोक बोलू लागले की त्यानं खरा राजा विकला आणि सोनाराकडून तसाच दुसरा ओतून घेतला. आमच्या घरावर मंगलोरी कौलं कधी चढली, कुठल्या पैशानं चढली, हे माझ्यापेक्षा गावाला जास्त माहीत. दुकानावर मी गेलो की बोलणं थांबायचं. माझा बापूस असा माणूस की देवळातला नारळ घरी आला तर त्याचं करवंटंसुद्धा परत पाठवायचा.

त्याच संध्याकाळी वासू सोप्यावर आला. मी म्हटलं, "उद्याच्या सभेत एवढंच म्हण, राजा खरा आहे. बस."

"आत बघितल्याशिवाय कसं म्हणू?"

"माझ्या बापसाला तू ओळखत होतास ना?"

"बापसाला ओळखत होतो. त्याबद्दल विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगेन. चांदीबद्दल विचारलंस तर मला माहीत नाही." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "सख्या, कडेला केसाएवढा ओरखडा काढू दे. तिथं यंत्र लावतो. खरा निघाला तर सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"आणि देवीच्या गळ्यातून उतरला, तर? खरा ठरवायला त्याला मारून टाकू? तुझ्या यवनांनी घाव घातले असतील. त्यांच्या देवीला चालत असेल."

"मग मी तरी काय करू?"

"एक वाक्य, वासू. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?"

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "त्या नाण्यानं मला जगवलं. ते खरं असावं असं तुझ्याइतकंच मलाही वाटतं. म्हणूनच मला तसं म्हणता येत नाही." मी त्याला सांगितलं, या सोप्यावर आता माझ्याशी बोलायला येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला हा हजर. समोरच्या बाकावर बसला. मी माडांकडे बघत राहिलो. आमची बायको, माहेर खाडीकाठच्या चोपड्याचं, बाहेर आली आणि त्याला चहा दिला. तर हा तिला विचारतो, "वैनी, चोपड्याहून तिसऱ्यो आल्या की नाही?" असं त्या दिवशी झालं आणि मग रोज होत गेलं… वर्षं गेली. तो यायचा, बसायचा, तिच्याशी बोलायचा, उजेड जाताना उठायचा. मी बायकोला म्हणायचो, "त्याला सांग, छत्री विसरतोय." तो बायकोला म्हणायचा, "त्याला सांगा, छत्री त्याचीच आहे." ती एकदा चिडून म्हणाली, "मी काय तुमची तार कचेरी?" पण सभेत जाऊन तो ते एक वाक्य कधी बोलला नाही, आणि मीही त्याला ओरखडा काढू दिला नाही. तो माझ्या बाजूचा होता की नव्हता? बाजूचा असता तर बोलला असता. बाजूचा नसता तर रोज कशाला आला असता? हे कोडं मी अजून उलगडलेलं नाही.

मग तो दिसेनासा झाला. पोट बिघडलं, इस्पितळात ठेवलं. बायको म्हणाली, "जाऊन या, नाहीतर मी बोलणार नाही, आणि मग या घरात कुणीच कुणाशी बोलायचं नाही." गेलो. तो उशीला टेकून बसला होता, हात काड्यांसारखे. सुमतीवैनी, त्याची बायको, उठून बाहेर गेली. मी खाटेशेजारी बसलो आणि बोललो नाही. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "सख्या, अजून तेच सांगतो. मला माहीत नाही." आणि हसला. मरताना तरी माणसं गोड बोलतात! मी संत्री आणली होती, ती टेबलावर ठेवली आणि उठलो. एवढीच आमची शेवटची भेट.

त्याचे दिवसवार झाले आणि लगेच प्रमोद माझ्याकडे आला. जत्रा जवळ आली होती आणि स्मरणिका इतकी वर्षं त्या एका पानासाठी अडून पडली होती. म्हणाला, "काका, मी दुसऱ्या एका तज्ज्ञांना बोलावलंय. नाण्यांचे मोठे जाणकार. ओरखडा नको, काही नको. तुमच्या वडलांचं नाव मोकळं होईल." मी नाही कशाला म्हणू? माळ काढली, देवळाच्या चौकात नेली. समिती बसली होती, बरीच माणसंही जमली होती. जाणकार चांगला उंचापुरा, बोलायला मऊ. त्यानं राजा तळहातावर घेतला आणि चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. माझ्या तोंडून ओरडल्यासारखं गेलं, "कडेनं धरा!" तो दचकला. मीही दचकलो. वासू नाणं नेहमी कडेनं धरायचा, दोन बोटांत, बोटांच्या घामानं चेहरा खराब होतो म्हणून. मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

जाणकारानं भिंग लावलं, उलट-सुलट बघितलं आणि म्हणाला, "शंभर टक्के अस्सल. आजोबा, निर्धास्त राहा. मी तसं लिहून देतो." लोकांत कुजबूज झाली. कुणीतरी टाळीही वाजवली. एवढ्या वर्षांनी ते वाक्य मी ऐकलं, ज्यासाठी माझा जीव तळमळला होता. कान भरून ऐकलं. आणि मला काहीच झालं नाही… तहानेला समुद्राचं पाणी प्यावं तसं.

मी विचारलं, "यंत्र लावलंत?"

"गरज नाही. माझी नजर तयार आहे."

"यंत्राला वरची चांदी नवी दिसली होती. ते कसं?"

"अहो, असतं एखादं. तुम्ही कशाला काळजी करता? तुम्हाला खरंच ठरायला हवंय ना?"

मी त्याच्या हातातून राजा घेतला, कडेनं. म्हटलं, "हवं होतं. तुम्ही आत बघितलेलं नाही. लिहून देऊ नका."

प्रमोद कपाळाला हात लावून बसला. "काका, मग स्मरणिकेत काय छापू?"

"छाप, आत काय आहे ते कुणी बघितलेलं नाही."

"लोक काय म्हणतील, विचार केलात?"

"केला."

खरं सांगतो, केला नव्हता. लोक काय म्हणाले ते दुसऱ्या दिवशी दुकानावर कळलं. सखाराम घाबरला. अस्सल म्हणून लिहून मिळत होतं, ते नाकारलं, म्हणजे घरात ठाऊक आहे. इतके दिवस संशय होता, आता खात्री झाली. बापसाच्या नावावरचा डाग पुसायला गेलो आणि माझ्याच हातानं पक्का करून आलो. रात्री झोप लागत नाही. देवघरात बापसाच्या फोटोसमोर उभा राहिलो की नजर वर करत नाही. त्यानं राजा बदलला नव्हता, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण ते मी त्याचा मुलगा म्हणून म्हणतो. चांदीबद्दल मला माहीत नाही.

परवा सुमतीवैनीकडे गेलो. तिनं वासूच्या खोलीचं दार उघडलं. मी त्या खोलीत पहिल्यांदाच गेलो, तो नेहमी आमच्याकडे यायचा म्हणून. जनेलाखाली, खिडकीपाशी, मेज, मेजावर हिरवं फडकं, वाकवता येणारा दिवा, भिंगं लहानमोठी, कापूस घातलेली एक रिकामी डबी. जन्मभर नाणी तपासली, पण घरात एकसुद्धा नाणं ठेवलेलं नव्हतं. वैनी म्हणाली, "स्वतःचं नाणं असलं की ते खरंच असावंसं वाटतं, असं म्हणायचे." मग ती दाराला टेकून उभी राहिली. देवळातलं सगळं तिच्या कानावर गेलेलं होतं.

"भावोजी, एक विचारू? हे ‘आत बघितलं नाही, माहीत नाही’, ते असताना तुम्ही एकदा म्हटलं असतंत तर? किती वाट बघितली त्यांनी त्या बाकावर."

मी म्हटलं, "वैनी, तो होता तेव्हा ते म्हणायला तो होता. आता कोण आहे?"

ती चहा टाकायला आत गेली. तिनं माझ्यासाठी त्याचं कदेल, म्हणजे त्याची बसायची खुर्ची, पुढं ओढून ठेवलं होतं. मी त्यावर बसलो नाही. बाजूच्या स्टुलावर बसलो, आणि चहा येईपर्यंत त्या रिकाम्या कदेलावर रागावलेलाच होतो.